विमानात बसण्याआधी घर पक्के झालेच पाहिजे का?

अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्यांचे पालक मे-जून महिन्यांत हमखास विचारतात, की राहण्याची सोय पक्की झाल्याखेरीज मुलांना विमानात बसवायचे तरी कसे. सांगलीच्या एका कुटुंबाने हाच प्रश्न माझ्यापुढे मांडला. मुलीला नॉर्थ कॅरोलिनातील रॅले शहरात, एन. सी. स्टेट विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या एम. एस.ला प्रवेश मिळाला होता, विद्यापीठाबाहेर भाड्याने राहायचे ठरले होते, आणि वडिलांची झोप उडाली होती. इंटरनेटवर सापडलेल्या एका घरमालकाला त्याच संध्याकाळी दोन महिन्यांचे भाडे पाठवून मोकळे व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

हिल्सबरो स्ट्रीटजवळचे, फर्निचरसह दोन बेडरूमचे घर आसपासच्या निम्म्या भाड्यात मिळत होते. मालक परदेशी असल्यामुळे घर दाखवणे शक्य नव्हते. पैसे पोहोचताच चावी कुरिअरने येणार होती. एवढे ऐकूनच शंका यावी, पण घाबरलेल्या माणसाला शंका घेणेही परवडत नाही. रॅले ज्या वेक काउंटीत येते, तिथल्या मालमत्तेच्या नोंदी पत्ता टाकून कोणालाही ऑनलाइन पाहता येतात. सातबारा पाहिल्याशिवाय व्यवहार न करणाऱ्या त्या गृहस्थांना हे चटकन पटले. त्यांनी स्वतःच पत्ता टाकला, आणि मालकाच्या जागी भलतेच नाव निघाले.

पैसे वाचले, काळजी मात्र तशीच राहिली. पहिले पंधरा दिवस डोके टेकायचे कुठे आणि वर्षभराच्या करारावर सही करायची कुठे, हे दोन वेगळे प्रश्न पालकांच्या मनात एकच होऊन बसतात, आणि पहिल्याच्या धास्तीपोटी दुसऱ्याचा निर्णय घाईने उरकला जातो, असे मला वाटते. विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत पोहोचता येते. पहिल्या दिवसांची सोय विद्यापीठातील भारतीय विद्यार्थ्यांकडे विचारणा केली की बहुधा होते. एखाद्या सीनियरच्या हॉलमध्ये गादी टाकून काही रात्री काढण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मला खरी चिंता होती ती रूममेटची. मुलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये चौघी मराठी मुली एकत्र आल्या होत्या. अंडी चालतील का, यावर त्यांची सविस्तर चर्चा झालेली होती, एकत्र घ्यायच्या घराचा करारनामा मात्र एकीनेही वाचलेला नव्हता. तो चौघींचा मिळून एकच करार होता, म्हणजे एखादी मध्येच निघून गेली तर तिचा वाटा उरलेल्या तिघींकडून, किंवा एकीकडूनही, वसूल करण्याची मुभा मालकाला होती. विद्यार्थ्यांसाठीच्या काही वसाहतींत खोलीगणिक स्वतंत्र करार होतो. भाडे थोडे जास्त पडले, तरी आपली जबाबदारी आपल्या खोलीपुरतीच राहते. नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकार देते तो ओळख क्रमांक) किंवा क्रेडिट हिस्टरी (तिथली कर्जफेडीची नोंद) नसल्याने जामीनदार किंवा जादा डिपॉझिट मागितले जाते. तिथेही मर्यादा आहे: वर्षभराच्या करारावर नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्याप्रमाणे दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक डिपॉझिट घेता येत नाही, आणि घर सोडल्यावर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत ते परत करावे किंवा कपातीचा हिशेब द्यावा लागतो.

‘कॅम्पसपासून जवळ’ या शब्दांवरही विसंबू नये. तिचा विभाग विद्यापीठाच्या मुख्य कॅम्पसवर नसून सेंटेनियल या दुसऱ्या कॅम्पसवर आहे, त्यामुळे हिल्सबरो स्ट्रीटवरचे घर मुख्य कॅम्पसला लागून असूनही तिच्या उपयोगाचे नव्हते. अ‍ॅव्हेंट फेरी रोड आणि गॉर्मन स्ट्रीट हे भाग तिला सोयीचे होते. विद्यापीठाच्या वुल्फलाइन बसला तिकीट लागत नाही, पण रात्री आणि सुट्टीत ती किती वेळाने येते, हे पाहूनच घर निवडावे, असे मी तिला सांगितले.

ती ऑगस्टमध्ये गेली, आधी एका सीनियरकडे राहिली, प्रत्यक्ष घरे पाहून अ‍ॅव्हेंट फेरी रोडवर खोलीपुरता करार केला आणि बॅगा उघडण्यापूर्वी गालिच्यावरील डागांचे फोटो काढून मालकाच्या कार्यालयाला ईमेल केले. उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरी जावे लागले तर रिकाम्या खोलीचे भाडे कोण भरणार, हा वडिलांचा आताचा प्रश्न आहे. पोटभाडेकरू ठेवायला मालकाची लेखी परवानगी बहुतेक करारांत आवश्यक असते आणि त्याने भाडे थकवले तर ते मूळ भाडेकरूलाच भरावे लागते, म्हणून करारातील ते कलम बापलेकींनी फोनवर एकत्र वाचावे, असे मी सुचवले आहे.