नागपूरची बुलेट भांडुपला आणायची कशी?

प्रश्न : मी भांडुपला राहतो. नागपूरच्या एका काकांकडून सेकंडहँड बुलेट ३५० घ्यायची ठरलीय, फेब्रुवारी २०१९ ची. फोटो आणि व्हिडिओ कॉलवरच बघितलीय, ५ हजार टोकन पण दिलंय. काका म्हणतात, उरलेले पैसे टाका, ट्रान्सपोर्टने पाठवून देतो. मित्र म्हणतो कशाला, आपण दोघं जाऊ आणि समृद्धीवरून एका दिवसात हाणत आणू. आई म्हणते रेल्वेत टाक. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : आईचं ऐका. मित्राला सांगा की समृद्धी महामार्गावर टू-व्हीलरला एन्ट्रीच नाही, त्यामुळे त्याचा एका दिवसाचा हिशोब तिथेच संपला. चालवत आणायची तर अमरावती, अकोला, जळगाव, धुळे, नाशिक आणि मग कसारा घाट, म्हणजे ८०० किलोमीटरच्या वर आणि निवांत दोन दिवस. रस्ता भारी आहे हो, पण ज्या गाडीचा ब्रेक कधी दाबून बघितला नाही, चेन किती ताणलीय माहीत नाही, तिच्यावर पहिल्याच दिवशी ट्रकच्या रांगेत शिरायचं म्हणजे लग्न ठरल्या ठरल्या सासरच्यांबरोबर चारधामला निघण्यासारखं आहे. महिनाभर मुंबईत चालवा, सर्व्हिसिंग करा, मग जा खुशाल.

काका चांगले असतीलही, पण न बघता सगळे पैसे टाकू नका. 'आर्मीत आहे, बदली झालीय, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी पैसे भरा' हा फसवायचा जुना धंदा आहे आणि त्यात चांगले शिकलेले लोक सापडलेत. रात्रीच्या ट्रेनने जा, सकाळी नागपूर. गाडीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, उदाहरणार्थ ४८१८ म्हणजे २०१८ च्या ४८ व्या आठवड्यात बनलेला टायर. काका म्हणाले टायर नवीन टाकलेत आणि आकडा असा निघाला तर ओळखा की ते कंपनीतून आलेलेच आहेत, भाव त्याप्रमाणे पाडा.

कागदांचं आता. आरसीवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरून बँकेचं नाव काढायचा) हातात आल्याशिवाय पुढे सरकू नका. फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे) वर काकांच्या सह्या समोर बसून घ्या, आणि ई-चलन बाकी आहे का तेही बघून घ्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात आहे म्हणून नंबर नागपूरचा एमएच-३१ असेल तर तोच राहील, टॅक्स परत भरायचा नाही, फक्त ३० दिवसांच्या आत नाव ट्रान्सफरला टाकायचं. बंगळुरूची गाडी असती तर फॉर्म २८ ची एनओसी, इथला टॅक्स, नवीन नंबर, सगळी वरात निघाली असती.

एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या टू-व्हीलरला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो, त्यामुळे 'विमा आहे ना, मोठा काढलाय' असं मालक अगदी मनापासून सांगतो. तुमच्या बुलेटचे ते ५ वर्ष फेब्रुवारी २०२४ ला संपले. नंतर कुणी रिन्यू केलाय का ते बघा. आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवलीय का तेही बघा.

ट्रान्सपोर्टबद्दल माझा अनुभव सांगतो, नाव नको. मी कोल्हापूरहून बाईक मागवली होती, बोलणं घरपोचचं झालं होतं, आठ दिवसांनी फोन आला, 'साहेब, गाडी भिवंडीच्या गोडाऊनला उतरलीय, येऊन घेऊन जा.' गेलो तर हमालीचे पैसे वेगळे, आणि डावा इंडिकेटर वायरला लोंबतोय. पावतीवर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं म्हणे. सगळेच असे नसतात, पण मी तेव्हापासून रेल्वे.

रेल्वेत दोन प्रकार आहेत. तुम्ही त्याच ट्रेनने येणार असाल तर तिकीट दाखवून लगेज म्हणून, नाहीतर पार्सल, जे जागा असेल त्या गाडीत चढतं. आरसी, विमा आणि आयडीची झेरॉक्स लागते, आरसी अजून काकांच्या नावावर आहे म्हणून त्यांनाच सोबत घेऊन जा, ट्रेनच्या तीन-चार तास आधी पोचा. टाकी पूर्ण रिकामी हवी. २०१९ ची ही बुलेट कार्ब्युरेटरवाली आहे, म्हणजे टाकीखालच्या कॉकची, म्हणजे पेट्रोलच्या तोटीची, नळी काढून पेट्रोल डब्यात उतरवायचं, पण कार्ब्युरेटरच्या वाटीत घोटभर उरतंच, तिच्या खालचा स्क्रू ढिला करून तेही काढा. मग पॅकिंगवाली पोरं गोणपाट, पुठ्ठा आणि सुतळी घेऊन येतात, पैसे आधीच ठरवून घ्या. हेडलाइट आणि टाकीवर जाड पुठ्ठा स्वतः उभं राहून लावून घ्या, कारण खरचटतं तिथेच. आरसे काढून बॅगेत ठेवा.

बुकिंग सीएसएमटीचं करा. ठाण्याचा मोह होईल, भांडुपला जवळ म्हणून, पण तिथे ट्रेन दोन-तीन मिनिटं थांबते आणि तेवढ्यात १९० किलोची बुलेट कोण उतरवणार? उतरली की लगेच सोडवा, सवलतीची वेळ संपली की वार्फेज, म्हणजे गाडी स्टेशनात पडून राहिल्याचा दंड, लागायला लागतं. टाकीत थेंब नसणार, पंपापर्यंत ढकलत न्यायची आहे, तेवढ्यासाठी मित्राला बोलवा, त्याची हौस पण भागेल. ईस्टर्न फ्रीवेला वळू नका, तिथेही टू-व्हीलरला बंदी आहे, सरळ दादर, सायन, एलबीएस रोडने या. आणि पंपावरच आरसे बसवून घ्या, बॅगेत आहेत हे मी दोनदा विसरलोय आणि दुसऱ्यांदा सायनला पावती फाडून घेतलीय.