कंपनीचा लॅपटॉप असताना घरी स्वतःचा कॉम्प्युटर ठेवायची गरज आहे का?

हो, आहे. तुम्ही लिहिलंय की ऑफिसचा लॅपटॉप एकदम भारी आहे, घरचा जुना डेस्कटॉप नुसता धूळ खातोय आणि घरचे म्हणतात भंगारात देऊन टाक. नका देऊ. एवढं ठासून काऊन सांगून राहिलो ते वाचा.

२००८ मध्ये मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र दोघं नागपूरच्या धंतोलीत यशवंत स्टेडियमसमोरच्या मार्केटात तीन दिवस दुकानं फिरलो आणि एक पीसी असेंबल करून घेतला. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. सीपीयू मांडीवर घेऊन ऑटोनं मनीष नगरला आलो. तेव्हा लोडशेडिंग होतं, लाइट यायची वाट पाहत आम्ही दोघं गच्चीवर बसायचो आणि आली की पळत खाली. घरचे सगळे फोटो, बाबांच्या पेन्शनचे कागद, माझे पहिले प्रोग्राम, सगळं त्याच्यातच.

२०१९ मध्ये पुण्याच्या एका कंपनीत लागलो, लॅपटॉप मिळाला. दादा म्हणाला, दोन-दोन मशीन काय करतो बे, हे डबडं विकून टाक. मी विकायलाच काढला होता. मित्र आला आणि म्हणाला, "फेकून काऊन राहिला? मला दे, दुकानाच्या बिलिंगला कामी येईल." घेऊन गेला.

मग लॉकडाऊन लागलं, मी नागपूरला घरी येऊन काम करू लागलो आणि तो लॅपटॉप कंपनीचा आहे हेच विसरलो. आमचे मॅनेजर दर मीटिंगला म्हणायचे की आपण टीम नाही, फॅमिली आहोत, आणि मला ते मनापासून खरं वाटायचं, दिवाळीत रजा न घेता मी रिलीज केलेत त्या माणसासाठी. फोनमधली जागा भरली की फोटो-व्हिडिओ लॅपटॉपवर टाकायचो. त्यात बाबांचे व्हिडिओ होते. एका एप्रिलमध्ये ते अंगणात बसून कूलरला नवीन वूडवूल भरतायत आणि मला शिकवतायत की जाळी कशी बसवायची, चांगला अकरा मिनिटांचा. २०२२ मध्ये बाबा गेले.

२०२३ मध्ये एका मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटांचा कॉल आला, एचआर आणि एक अनोळखी बाई, आणि कॉल संपायच्या आत स्क्रीन लॉक. बास. मी तीन मेल केले, फक्त घरचा फोल्डर द्या म्हणून, तर उत्तर आलं की पॉलिसीप्रमाणे डिव्हाइस वाइप झालं आहे. मशीन कंपनीच्या कंट्रोलमध्ये असतं, कुठूनही लॉक करता येतं, पुसता येतं, आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, असेल तर हार्ड डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी काही दिसत नाही, रिकव्हरी की कंपनीकडेच असते. टीमच्या ग्रुपमधून मला त्याच संध्याकाळी काढलं. चार वर्षं रोज बोलणाऱ्यांपैकी एकाचा फोन आला, एकाचा.

मित्र दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री पोहे बांधून घेऊन आला आणि सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी हार्ड डिस्क. दुकानासाठी त्यानं नवीन घातली होती, जुनी फॉरमॅट न करता कपाटात ठेवली, चार वर्षं, मी कधी विचारलंही नव्हतं. २०१९ पर्यंतचे फोटो मिळाले. कूलरचा व्हिडिओ गेला तो गेला.

म्हणून सांगतो, आजच बसा आणि पीएफ, बँक, डीमॅट, जिथे जिथे ऑफिसचा ईमेल दिलाय तिथे स्वतःचा टाका. ऑफिसच्या मशीनवर घरचं काहीच ठेवू नका. डेस्कटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाका, रॅम वाढवा, फरक लगेच जाणवतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, तुमचा त्याआधीचा असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाका. आणि नागपुरात असाल तर उन्हाळ्याआधी ब्लोअर मारून प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी थर्मल पेस्ट बदला, सीपीयूचा डबा घरातल्या पाण्याच्या कूलरच्या झोतासमोर अजिबात ठेवू नका, ती ओली हवा बोर्ड खाते.

हे खरं की डेस्कटॉपही एक दिवस जातोच, त्यामुळे एक्स्टर्नल डिस्कवर दुसरी कॉपी हवीच. भाड्याच्या खोलीत राहत असाल, जागाच नसेल, तर नुसती ती डिस्क घेतली तरी चालेल. लॅपटॉप वाईट असं माझं म्हणणं नाही, फक्त तो तुमचा नाही.

दादा अजूनही म्हणतो की चूक मशीनची नव्हती, मी बॅकअप घेतला नाही ही होती. दादा, तू हे वाचशील म्हणून लिहितो, बॅकअप ठेवायला घरात आपलं स्वतःचं काहीतरी लागते, जे होतं तेच तू विकायला लावत होता. बाबांचे फोटो सगळे लावून ठेवलेत, तुझ्या लग्नातले पण आहेत. पेन ड्राइव्ह घेऊन ये.