बाळाच्या हिरडीला बधिर करणारं जेल लावू का?

प्रश्न: ताई, मुलगा आठ महिन्यांचा आहे, खालचे दात येतायत, रात्र रात्र रडतो. नवऱ्याच्या दाढेसाठी आणलेली जेलची ट्यूब घरात आहे, सासूबाई म्हणतात बोटावर घेऊन चोळ, लगेच झोपेल. लावू का? आणि नवऱ्याची दाढ महिनाभर त्याच जेलवर चाललीय, ते ठीक आहे का?
– एक आई, भांडुप

उत्तर: बाळाला अजिबात नको. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा, लिग्नोकेन, बेन्झोकेन (ही दोन्ही बधिर करणारी औषधं) नाहीतर कोलीन सॅलिसिलेट (हे ऍस्पिरिनचं भाऊबंद) असं काही दिसलं की ती वर फळीवर ठेवून द्या. हातावर बधिर करायचं क्रीम लावलं तर तासभर थांबावं लागतं आणि हिरडी मात्र मिनिट-दोन मिनिटांत सुन्न होते, म्हणजे तिथून औषध किती पटकन आत जातं बघा. त्यात या वयात लाळ सारखी गळते, जेल घशात उतरतं, घसा बधिर झाला की दूध पिताना ठसका लागतो, आणि एवढं करून गुण येतो तो थोडाच वेळ. बेन्झोकेनने क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात, धाप लागते, तसं दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) 2018 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना बेन्झोकेन लावू नका असं स्पष्ट सांगितलंय, लिग्नोकेनच्या पातळ औषधाबद्दल तर 2014 मध्येच. लवंगेचं तेलही नको हं, ते भाजतं.

हात धुऊन बोटाने हिरडी हलकेच चोळा, किंवा ओला स्वच्छ रुमाल फ्रीजमध्ये (फ्रीजरमध्ये नाही) गार करून चावायला द्या, पण तुम्ही जवळ बसून. 100.4 च्या वर ताप असेल तर दातांवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंपुढे माझं नाव घेतलंत तरी चालेल!

आता नवरोबा. जेलने ठणका दबतो, कीड आत पोखरतच राहते, आणि पू झाला की तिथे ही औषधं नीट चालतच नाहीत, मग माणूस अजून अजून थापत बसतो. डेंटिस्टचा खर्च नको असेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, भांडुपहून लोकल सरळ जाते, सकाळी लवकर पाठवा. गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी.