माजघरातला उजेड

प्रश्न : मुलगा बावीस वर्षांचा, बी.कॉम. झालाय. गावात लग्नांचं शूटिंग करतो. आता म्हणतो, सिनेमा-मालिकांचा कॅमेरामन होणार, चांगला कॅमेरा घेऊन द्या. यंदाच्या आंब्याचे पैसे त्यात घालू का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : नका घालू. मी स्वतः कॅमेरामन. आमच्याकडे कॅमेरा भाड्याने येतो, निर्माता आणतो. इतकी वर्षं झाली, माझ्या मालकीचा म्हणाल तर एक लाइट मीटर, उजेड मोजायचा. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात पापडाच्या डब्यालाही बुरशी धरते, लेन्सचं काय घेऊन बसलात!

मी मालवणचा. सुरुवातीला नुसत्या पेट्या उचलल्या, मग फिल्म भरायला लागलो. हर्णैच्या किनाऱ्यावर, फिल्मला उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत हात घालून चारशे फुटांचा रोल भरत होतो. चारशे फूट म्हणजे साडेचार मिनिटंसुद्धा नाहीत. वारा सुटलेला, हात घामेजलेले. वाळूचा एक कण आत गेला आणि अख्ख्या रोलवर उभी रेघ उठली. कळलं कधी? मुंबईहून रशेस, म्हणजे धुतलेल्या फिल्मच्या पहिल्या प्रती, आल्यावर, चार दिवसांनी. उस्ताद, म्हणजे ज्यांच्या हाताखाली होतो ते कॅमेरामन, ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला काचा वर केलेल्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये कोंबून रोल भरायला लावले. मे महिन्यात. आता फिल्म गेली, पण एसी खोलीतला कॅमेरा थेट समुद्रावर नेला की लेन्सवर वाफ धरते आणि सगळं युनिट ती उतरायची वाट बघत बसतं. अशा गोष्टी असिस्टंट असतानाच अंगात मुरतात.

शिकायचंच असेल तर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, 1960 सालची, प्रभात स्टुडिओच्या जागेतली. पदवी कुठलीही चालते. प्रवेश परीक्षा मात्र कठीण.

तोवर त्याला घरातच बसवा. आई तांदूळ निवडायला बसायची तेव्हा सूप घेऊन उजेडामागे सरकत जायची. सकाळी पडवीत, दुपारी माजघराच्या खिडकीशी. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर ऊन पडलं की परतून आत येणारा तो मऊ उजेड. त्यात तिच्या चेहऱ्यावर कडक सावली नसे. सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी 1956 च्या ‘अपराजितो’ या सिनेमात काशीच्या घराचं अंगण सेटवर उभं केलं, तेव्हा वर कापड ताणून दिव्यांचा उजेड त्यावरून परतवला होता. आज थर्माकोल लावून आम्ही रोज तेच करतो. मुलाला म्हणावं, एका दिवसात माजघराचे दहा फोटो काढ, दिवा न लावता. मला पाठव.

मालिकांचं काम वेगळं. रोज साधारण बावीस मिनिटांचा भाग उभा करायचा, दोन-तीन कॅमेरे एकदम चालू. नट कुठेही वळला तरी दिसला पाहिजे, म्हणून सगळीकडे सपाट उजेड. मला त्याचा कंटाळा येतो, पण माझं घर त्यावरच उभं राहिलं.

पैसे द्यायचेच तर मुंबईतल्या खोलीच्या भाड्याला द्या. मालिकेचे पैसे बहुतेकदा नव्वद दिवसांनी हातात पडतात.