छप्पर फुटतं उन्हात, गळतं पावसात

फिरत्या घरांच्या म्हणजे मोटारहोमच्या छपराबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. प्रश्नापुरता भाग ठेवून बाकीचा मजकूर गाळला आहे.

प्रश्न : ट्रॅव्हलर गाडीचं आम्ही फिरतं घर करून घेतलं आहे. छपरावर हवेसाठी दोन व्हेंट आहेत. दरवर्षी मृगाच्या आधी त्यांच्या कडेनं सिलिकॉन मारतो आणि पोळ्यापर्यंत पुन्हा ओल दिसते. थरावर थर चढून कड बोटभर जाड झाली आहे. दुसऱ्या कंपनीचं सिलिकॉन घ्यावं का?
– वाचक, परतवाडा (जि. अमरावती)

उत्तर : कंपनी बदलून काही होणार नाही. वाळलेल्या सिलिकॉनला दुसरं काहीच नीट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. तुमचा प्रत्येक नवा थर जुन्यावर नुसता टेकलेला आहे आणि पाणी त्या दोन थरांच्या मधून आत जातं. दुसरं असं की, व्हेंटचं पाणी वरच्या कडेनं थांबवायचंच नसतं. ते थांबवायचं काम फ्लँजखालच्या, म्हणजे व्हेंटच्या पत्र्यावर टेकणाऱ्या सपाट कडेखालच्या, ब्युटाइल पट्टीचं. ब्युटाइल म्हणजे मऊ, चिकट रबर. वरचा सीलंट त्या पट्टीला ऊन लागू नये आणि स्क्रूच्या डोक्यातून पाणी शिरू नये यासाठी असतो. तुमच्या गाडीत खाली ब्युटाइल घातलेलंच नाही, किंवा होतं ते निकामी झालं, असं वर्णनावरून दिसतं. व्हेंट काढूनच बसवावा लागेल. एका व्हेंटला एक पूर्ण दिवस धरा.

आधी प्लास्टिकच्या पात्यानं सिलिकॉन खरवडा. लोखंडी पटाशी वापरली तर रंग निघतो आणि उघड्या पत्र्यावर गंज धरतो. स्क्रू काढून व्हेंट उचला, खालची पट्टीही खरवडा. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. दर पुसणीला कापडाची नवी बाजू घ्या. पॉलिश पेपर याच्या आधी फिरवू नका, नाहीतर उरलेलं सिलिकॉन घासून पत्र्यात सगळीकडे पसरतं. पुसून झाल्यावर १८० नंबरचा पेपर हलका फिरवा आणि पुन्हा एकदा पुसा. आता त्या जागेवर पाण्याचे चार थेंब टाका. पाणी पसरलं तर जागा तयार आहे. कमळाच्या पानावरच्यासारखे गोल थेंब उभे राहिले तर सिलिकॉन अजून शिल्लक आहे. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांनी पुसू नका, तेलकट पापुद्रा मागे राहतो. कुठे पत्रा उघडा पडलाच असेल तर तिथे इपॉक्सी प्रायमर लावून एक दिवस वाळू द्या.

चौदा इंची व्हेंटच्या फ्लँजचा घेर साधारण १६५ सें.मी. असतो. २० मि.मी. रुंद, ३ मि.मी. जाड ब्युटाइल टेप पावणेदोन मीटर लागेल. ती फ्लँजच्या खालच्या बाजूला, स्क्रूची भोकं झाकली जातील अशी लावा. जोड गाडीच्या मागच्या बाजूला येऊ द्या आणि तिथे दोन टोकं एकमेकांवर चढवू नका, शेजारी दाबून एकजीव करा. स्क्रू नवे, स्टेनलेस स्टीलचे घ्या. समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. चारही कडांनी ब्युटाइल सारखं बाहेर डोकावलं की थांबा. जास्त आवळलं की प्लास्टिकची फ्लँज दोन स्क्रूंच्या मध्ये कमानीसारखी उचलली जाते आणि तिथूनच गळती सुरू होते. दुसऱ्या दिवशी ब्युटाइल बसलेलं असतं, तेव्हा प्रत्येक स्क्रूला पाव ते अर्धा फेरा द्या.

बाहेर आलेलं ब्युटाइल फ्लँजच्या रेषेत कापा, म्हणजे सीलंटला पत्रा आणि फ्लँज दोन्ही कोरे मिळतील. कडेपासून १२ मि.मी. अंतरावर मास्किंग टेप लावा. फ्लँजच्या कडेवर २५ मि.मी. रुंद आणि ४ मि.मी. जाड पट्टा येऊ द्या, स्क्रूची डोकी पूर्ण बुडवा. याला सुमारे २०० मिली माल लागतो, म्हणजे एका व्हेंटला ३०० मिलीची एक ट्यूब. बोटानं किंवा पट्टीनं एकदाच सारखं करा आणि माल ओला असतानाच टेप काढा. वाळल्यावर काढली तर कड सोलून येते.

प्रश्न : तालुक्याच्या दुकानात मागेल त्या ट्यूबला ‘सिलिकॉन’च म्हणतात. आम्ही तीन वेगवेगळ्या ट्यूब आणल्या, त्यावर सिलिकॉन, पीयू आणि एमएस असं लिहिलं आहे. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, एम-सील किंवा डांबर सगळ्यात पक्कं. छपराला नेमकं काय लावायचं?
– वाचक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : छपराच्या वरच्या, उन्हातल्या कडांना एमएस, म्हणजे एमएस पॉलिमर किंवा हायब्रिड. आमचं मत यात स्पष्ट आहे. ते उन्हाला टिकतं, रंगवता येतं, आणि चार-पाच वर्षांनी दुरुस्ती निघाली तर घासून, पुसून त्यावर नवा थर धरतो.

पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनची, पकड सगळ्यात जबर असते. आतले सांधे, पत्र्याचे एकमेकांवर चढलेले जोड यांना ते उत्तम. पण उघड्यावर ठेवलं तर साधं पीयू पिवळं पडतं, पिठूळ होतं, मग त्यावर बारीक चिरा पडतात. काच बसवायचं काळं पीयू छपरावर मारलेलं बऱ्याच गाड्यांवर दिसतं, ते तर मुळीच नको. गाडीच्या समोरच्या काचेला कडेनं काळा पट्टा असतो ना, तो त्या पीयूवर ऊन पडू नये म्हणूनच असतो. आणखी एक खबरदारी : पीयू ओलं असताना त्याच्या जवळ अल्कोहोल नको. ते पीयूला घट्ट होऊच देत नाही. पुसलेली जागा पूर्ण कोरडी होऊ द्या आणि बोट बुडवायलाही अल्कोहोल घेऊ नका. पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस प्लास्टिकचं झाकण असेल तर ट्यूबवर त्या प्लास्टिकचं नाव असल्याशिवाय पीयू लावू नका.

सिलिकॉनची ट्यूब उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि उघड्या धातूपासून दूर ठेवा. वाळताना निघणारं आम्ल झिंक आणि धातू खातं. ती मोरीच्या काचेला वापरा. बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन धातूला चालतं, पण वर सांगितलेली अडचण त्यालाही आहेच. एकदा लावलं की पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत ते आडवं येतं.

एम-सील ही इपॉक्सी पुट्टी आहे. दगडासारखी घट्ट होते, आणि छपराचा सांधा रोज हलतो, म्हणून ती एका बाजूनं सुटते. डांबर आपल्याकडच्या मे महिन्यात मऊ होऊन ओघळतं आणि नंतर त्या जागेवर कुठलाच सीलंट धरत नाही. मिस्त्रींना पक्कं वाटतं कारण दोन्ही हाताला घट्ट लागतात. छपराला घट्टपणा नको, लवचिकपणा हवा. ट्यूबवर मूव्हमेंट २५ टक्के लिहिलेलं पाहा. म्हणजे ८ मि.मी. रुंदीची फट २ मि.मी. उघडली-मिटली तरी ते सोसतं.

आणि तारीख पाहा. बहुतेक ट्यूब नऊ ते बारा महिनेच चांगल्या राहतात, तेही थंड जागी. टिनाच्या दुकानात दोन उन्हाळे काढलेली ट्यूब बाहेरून नवीच दिसते. दाबून पाहा, कुठेही गाठ लागली तर परत द्या.

प्रश्न : मे महिन्यात, पावसाळ्याआधी म्हणून, छपराच्या लांब जोडावर पीयू भरलं. दोन दिवसांत पट्टा फुगून फोड आले, कापून पाहिलं तर आत जाळी. माल खराब होता का?
– वाचक, उमरखेड (जि. यवतमाळ)

उत्तर : माल बरा असावा, वेळ चुकली. पीयू हवेतल्या दमटपणानं घट्ट होतं आणि त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. एरवी तो हळूहळू निघून जातो. तापलेल्या पत्र्यावर क्रिया घाईनं होते, वरची साय आधी धरते आणि वायू आत अडकतो. शिवाय फटीतली हवा तापून वर ढकलते. बहुतेक सीलंट ५ ते ४० अंशांतच लावायचे असतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे मे महिन्यात नुसती हवाच ४५ अंशांवर जाते, मग गडद रंगाचं छप्पर ७० अंशांपर्यंत पोहोचतं.

जानेवारीच्या पहाटे तेच छप्पर दहा अंशांच्या आसपास असतं. म्हणजे वर्षभरात ६० अंशांचा फरक. एवढ्या फरकानं चार मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा साडेपाच मि.मी.नं लांबतो-आखडतो, पोलादी जवळजवळ तीन मि.मी.नं. दोन वेगळे धातू एकाच सांध्यात असतील तर सीलंट दोन्हींच्या ओढाताणीत सापडतो. म्हणून आपल्याकडची सीलं पावसानं खराब होत नाहीत. ती मार्च ते जूनमध्ये फाटतात आणि पाऊस फक्त ते दाखवून देतो.

त्यामुळे कामाचा महिना बदला. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर सगळ्यात चांगला. तो हुकला तर फेब्रुवारी, होळीच्या आत. तेव्हा छपराचं तापमान वर्षाच्या दोन टोकांच्या मधोमध असतं, म्हणून वाळलेल्या पट्ट्याला पुढे दोन्हीकडे थोडाथोडाच ताण पडतो. सकाळी दव पूर्ण वाळल्यावर, नऊ ते अकरा. पत्र्यावर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे. वर हिरवी जाळी ताणा आणि ती दोन दिवस राहू द्या. साधारण २-३ मि.मी. जाडी एका दिवसात पिकते, कोरड्या हवेत त्याहून कमी. सहा मि.मी. पट्ट्याला तीन-चार दिवस गाडी खडबडीत रस्त्यावर नेऊ नका.

तुमचा फोडांचा पट्टा पूर्ण कापून काढावा लागेल. जोडाची फट ६ मि.मी.हून रुंद असेल तर आधी तळाशी फोमची दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून बसवा. सीलंट फटीच्या दोन भिंतींनाच चिकटला पाहिजे. तळालाही चिकटला तर तो ताणला जाऊ शकत नाही, मधून फाटतो. खोली रुंदीच्या निम्मी ठेवा. १० मि.मी. रुंद आणि ५ मि.मी. खोल फटीला ३०० मिलीची ट्यूब सहा मीटर पुरते. हे धरून माल आणा, कारण अर्ध्यावर थांबलेला पट्टा दुसऱ्या दिवशी जोडला तर तिथे शिवण राहते.

छपराला उष्णतारोधक पांढरा रंग दिलात तर पत्रा बराच कमी तापतो आणि सगळ्याच सीलांचं आयुष्य वाढतं. तो रंगही सिलिकॉनवर धरणार नाही, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : संस्थेची फिरत्या दवाखान्याची गाडी आहे. छपरावरच्या एसीखाली जुलै ते सप्टेंबर टपटप पाणी पडतं, पाऊस नसतानाही. दोनदा बाहेरून सीलंट मारून झाला.
– वाचक, साकोली (जि. भंडारा)

उत्तर : पाऊस नसताना पडणारं पाणी बहुधा एसीचंच. एसीच्या बैठकीत पाणी निघून जायची भोकं असतात. सागाच्या पानांचा चुरा आणि धूळ यांनी ती बुजतात. कव्हर काढून ती बारीक तारेनं मोकळी करा. दोनदा मारलेल्या सीलंटनं तीच भोकं बंद झाली असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून आधी तो काढा.

भोकं मोकळी असूनही पाणी आलं, तर आतून बोल्ट तपासा. एसी फोमच्या गॅस्केटवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या गादीवर, बसतो आणि ते मूळ जाडीच्या निम्म्यापर्यंत दाबलेलं असावं लागतं. खड्ड्यांनी बोल्ट सैल होतात. सारखे आवळा, गॅस्केट दगडासारखं किंवा चपटं झालं असेल तर नवं घाला. गॅस्केटच्या जागी सीलंट चालत नाही.

प्रश्न : पाणी कपाटावर पडतं, पण त्याच्या वर छपराला एकही भोक नाही. सोलर पॅनलचे पाय तर दुसऱ्या टोकाला आहेत. नेमकी जागा कशी शोधायची?
– वाचक, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : पाणी शिरतं एका ठिकाणी आणि पडतं दुसऱ्या ठिकाणी. छपराच्या आतल्या आडव्या पट्ट्यांवरून, वायरींवरून ते दीड-दोन मीटर सहज चालत जातं. गाडी मागे उतरती उभी असेल तर पॅनलचं पाणी कपाटावर येणं अगदी शक्य आहे.

दोन माणसं लागतात. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, शक्य तर अस्तराचा एक तुकडा काढून. दुसऱ्यानं नळीनं पाणी सोडायचं, जोर न लावता. प्रेशर वॉशर नको, तो चांगलं सीलही उचकटतो. सुरुवात सगळ्यात खालून : खिडक्या, मग कडेचा जोड, मग छप्पर. एका जागी दहा मिनिटं थांबा, मग पुढे सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरून वाहतं आणि काहीच कळत नाही.

असं करूनही सापडलं नाही तर दारं-खिडक्या बंद करून, दाराच्या फटीत प्लायचा तुकडा बसवून त्यातून धूळ उडवायच्या ब्लोअरनं आत हवा भरा आणि छपरावर साबणाचं पाणी ओता. फट असेल तिथे बुडबुडे येतात. छपरावर चढताना दोन पट्ट्यांवर टेकेल असा प्लाय टाकूनच उभे राहा. पाय मधल्या पत्र्यावर पडला तर तोच जोड उघडतो.

सोलरच्या पायांपेक्षा आम्हाला संशय वायरीच्या भोकाचा जास्त आहे. वायर तिथे ग्लँडमधून, म्हणजे वायरीभोवती घट्ट आवळणाऱ्या बुचातून, आत जायला हवी आणि भोकाआधी खाली झोल घेऊन वर चढायला हवी, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशीच गळून पडेल.

प्रश्न : मेळघाटात मुक्कामी असताना पावसात सील फाटलं तर काय करायचं?
– वाचक, कारंजा (जि. वाशिम)

उत्तर : ॲल्युमिनियमचा वरचा थर असलेली १० सें.मी. रुंद ब्युटाइल टेप गाडीत ठेवा. जागा कोरड्या कापडानं दाबून पुसा, फटीच्या दोन्ही बाजूंना चार-चार सें.मी. धरून लावा, कोपरे गोल कापा आणि डब्याच्या बुडानं जोर देऊन घासा. डांबराची फ्लॅश टेप घेऊ नका, उन्हाळ्यात ती सरकते. घरी आल्यावर टेप काढून नीट दुरुस्ती करा. तिच्या कडेखाली पाणी साचलं तर पत्रा गंजतो आणि वरून काही दिसत नाही.