कारचा टायर मोटारसायकलला चालेल का?

प्रश्न : माझ्याकडे बजाज अ‍ॅव्हेंजर २२० आहे. कामासाठी आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जावं लागतं. मागचा १३०/९०-१५ टायर संपलाय. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, कारचा १७५/६५ आर १५ घाल, तिप्पट टिकेल. अमेरिकेत मोठ्या गाड्यांना असे टायर घालतात, त्याचे व्हिडिओही पाहिले. घालू का?
– एक वाचक, पाटण

उत्तर : नका घालू. कुंभार्ली उतरणाऱ्याने तर मुळीच नको.

कराडला माझं टायरचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वी एक मुलगा हीच गाडी आणि हाच टायर घेऊन दारात उभा राहिला. टायर त्याने दुसरीकडून बसवून आणला होता. म्हणाला, "काका, वळणावर गाडी ऐकत नाही."

गॅरेजवाल्याला ही कल्पना सुचते, कारण कागदावर हिशोब जमतो. मापातला पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा रिमचे इंच. त्यावरून तुमच्या मूळ टायरची उंची काढा. रिमचे ३८१ मिलिमीटर आणि वरखाली ११७-११७, एकूण ६१५. कारच्या टायरची साधारण ६०८. सात मिलिमीटरचा फरक कोणाला कळणार? रिमही १५, टायरही १५.

अडतं ते रुंदीत. तुमचं रिम साधारण तीन इंच रुंद आहे आणि १७५/६५ च्या टायरला निदान पाच इंचाचं लागतं. तो तीन इंचात कोंबला की दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि टायरचा फुगा होतो. शिवाय चेन आणि चिमटा (मागचं चाक धरणारा दांडा) यांच्यामधली जागा मूळ टायरच्या मापाची. दोन्हीकडून बावीस-तेवीस मिलिमीटर जास्त आले तर घासणार कुठे, ते बसवल्यावरच कळतं.

त्यात बीडचा प्रश्न. टायरच्या कडेत तारेची कडी असते, ती रिमला धरून बसते. कारच्या टायरचं बीड कारच्या रिमसाठी घडवलेलं असतं, मोटारसायकलच्या रिमची बैठक वेगळी. साबणाचं पाणी लावून हवा मारली की एक बाजू बसते, दुसरी अडून राहते. मग कारागीर हवा वाढवत जातो, चाळीस, पन्नास, साठ पीएसआय. अशा वेळी बीडची तार तुटली तर टायर उसळतो. माझ्याच दुकानात ट्रॉलीच्या टायरवर हवा मारताना एका पोराचं मनगट मोडलं. तो आवाज मी विसरलो नाही. बीड अडलं की मी हवा सोडून टायर खाली काढतो, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

आता त्या मुलाची गोष्ट. त्याच्या टायरवर मी खडूने चार ठिकाणी आडव्या रेघा ओढल्या, एका बाजूच्या अक्षरांपासून दुसऱ्या बाजूच्या अक्षरांपर्यंत. मोकळ्या मैदानात त्याला हळू वेगाने दोन गोल मारायला लावले, एक डावा, एक उजवा. परत आला तेव्हा मधला खडू पुसलेला होता, ते साहजिकच. पण कडेचाही पुसला होता, नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथून खाली दोन बोटं. मग दुकानातली दुसरी अ‍ॅव्हेंजर घेतली, मूळ टायरची, आणि तशाच रेघा ओढून तसेच गोल मारले. खडू मधून कडेकडे पुसत गेला होता आणि कडेला बोटभर नक्षी अजून पांढरी होती. भिंतीवरच्या रेघा जशाच्या तशा. मुलगा दोन्ही टायर आळीपाळीने बघत राहिला. मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

मोटारसायकल वळते ती कलून. तीसच्या वेगाने पंधरा मीटर त्रिज्येचं घाटवळण घेतलं तर गाडी सुमारे २५ अंश कलते. टायर गोल असतो तो यासाठी, म्हणजे गाडी कितीही कलली तरी जमिनीला लागायला नक्षी उरते. कारचा टायर सपाट. गाडी कलली की तो मधून उचलला जातो आणि आतल्या कडेवर उभा राहतो. जमिनीचा जोर मग मधोमध न येता त्या कडेवर येतो आणि गाडीला परत सरळ करायला बघतो. मी ती गाडी स्वतः चालवली. आतल्या बाजूचं हँडल सतत दाबून धरावं लागत होतं, जरा सैल सोडलं की गाडी उठून वळणाबाहेर निघे. कोयनेच्या पावसात, समोरून एसटी येत असताना, तुम्हाला तेवढीच जागा असते.

आणखी एक. कारच्या त्या टायरवर ८४ हा भारांक असतो, म्हणजे एका टायरला ५०० किलो. तुमच्या मूळ टायरवर ६६, म्हणजे ३०० किलो. अ‍ॅव्हेंजरच्या मागच्या चाकावर दोन माणसं धरूनही दोनशेच्या आसपास भार येतो. एवढ्याशा भाराने कारचा टायर ना दबतो ना तापतो आणि थंड कडक रबर ओल्या रस्त्यावर पकड देत नाही. हवा कमी केली तर तो दबेल, पण मग अरुंद रिमवरून बीड सुटायची भीती. दोन्हीकडून अडचण.

नवीन टायर घेताना बाजूच्या भिंतीवरची अक्षरं वाचा. मापापाशी "एम/सी" असेल तर तो मोटारसायकलचा. आयएसआयच्या खुणेचा आकडाही बघा. दुचाकी-तीनचाकीच्या टायरला आयएस १५६२७, कारच्या टायरला आयएस १५६३३. चार आकडी तारीख असते, त्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने बदल करू देत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते.

तुमचा टायर लवकर संपतो त्याचं कारण बहुधा हवा आणि घाटात मागच्या ब्रेकवर दिलेला जोर. दर आठवड्याला, सकाळी गाडी थंड असताना, पुस्तकात दिलेली हवा तपासा. उतारावर खालच्या गिअरमध्ये या आणि पुढचा ब्रेकही वापरा. त्या मुलाने महिनाभर हे केलं आणि त्यानंतर घातलेला मागचा टायर त्याला आधीपेक्षा बराच जास्त गेला.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो, २०१२ ची होंडा गोल्ड विंग आहे. इथे बरेच जण मागे कारचा १९५/५५ आर १६ रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारा) टायर घालतात, त्याला 'डार्क साइड'ला जाणं म्हणतात. मित्र वर्षानुवर्षं वापरतायत आणि खूश आहेत. तुमचं मत?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : तुमचे मित्र खोटं बोलत नाहीत. पाटणच्या वाचकांच्या गाडीत आणि तुमच्या गाडीत फरक आहे. तुमची गाडी चारशे किलोच्या घरातली, वर दोघं आणि सामान, म्हणजे मागच्या टायरला काम मिळतं. मूळ टायर १८०/६०, रिम पाच इंची. त्या कारटायरला साडेपाच लागतं, म्हणजे तिथेही अर्धा इंच कमीच, पण तीन आणि पाच एवढी दरी नाही. रनफ्लॅटची भिंत जाड असते. त्यात तुमच्याकडचे रस्ते मैलोन्मैल सरळ. टायर मधोमध झिजतो आणि सपाट टायर तिथे नक्कीच जास्त टिकतो.

पण कलल्यावर काय होतं ते बदलत नाही, बीडची बैठकही बदलत नाही. टायर कंपन्या मोटारसायकलच्या रिमवर कारचा टायर घालू नका असं स्पष्ट सांगतात, म्हणून बरीच दुकानं तो बसवूनही देत नाहीत आणि माणसं घरच्या गॅरेजात टॉमी घेऊन बसतात. तेवढं तरी करू नका. मागे वहिनी बसत असतील तर मी मोटारसायकलचाच टायर घालीन आणि तो लवकर बदलावा लागेल हे धरून चालेन.

एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. उद्या तुम्ही गाडीला साइडकार जोडलीत तर ती गाडी कलतच नाही, कारसारखी सरळ राहून वळते. तिथे सपाट टायरच योग्य. जाणकार साइडकारवाले चाकच बदलून कारचं रिम आणि कारचा टायर घालतात.

प्रश्न : वडिलांना पोलिओमुळे चालता येत नाही. त्यांच्या स्कूटरला दोन्हीकडे जादा चाकं आहेत. मागचा टायर मधोमध झिजून सपाट होतो. मेकॅनिक जाड टायर घाल म्हणतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : जादा चाकांमुळे ही स्कूटर कलत नाही, म्हणून गोल टायरचा मधला पट्टाच रस्त्याला लागतो आणि तेवढाच झिजतो. टायरमध्ये दोष नाही. पण दहा इंची रिमवर मापाबाहेरचा जाड टायर घातला तर मागचं चाक उंच होईल आणि बाजूची चाकं जमिनीवर नीट टेकणार नाहीत. वडिलांचा सगळा तोल त्या चाकांवर आहे. म्हणून माप तेच ठेवा, नक्षी मधे भरलेली असेल असा टायर निवडा. दुचाकीला कायद्याने ०.८ मिलिमीटर नक्षी चालते, पण तुम्ही दीड मिलिमीटरलाच बदला. नवा टायर बसवला की स्कूटर सपाट फरशीवर उभी करा आणि दोन्ही बाजूंच्या चाकांखाली एकेक पोस्टकार्ड सरकवून बघा. एकीकडे सहज सरकलं आणि दुसरीकडे अडलं, तर वडिलांना बसवण्याआधी चाकांची उंची सारखी करून घ्या.