सावलीतल्या अंगणात सीता अशोक
ताई, नाशिकला गंगापूर रोडच्या तुमच्या अंगणात ऊन कमी येतं म्हणून हिरमुसू नका. सीता अशोकाला लहानपणी सावलीच मानवते. रोप घेताना नवी पालवी बघा: तांबूस, मऊ, खाली लोंबणारी. रस्त्याकडेचा उंच, सरळसोट अशोक वेगळा. पुष्कळदा तोच गळ्यात मारतात.

आपली काळी माती पाणी धरते, मुळं कुजतात. खड्ड्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून जून-जुलैत लावा. खरी कसोटी एप्रिल-मेची. कोरड्या गरम वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, म्हणून बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर ठेवा, ओल तुटू देऊ नका. वाढ सावकाश होते. छाटणी टाळा, फुलं जुन्या फांद्यांवर, खोडावरही येतात, आधी नारिंगी, मग लाल. काय देखणे गुच्छ असतात ते! जंगलातून उपटलेलं रोप मात्र घेऊ नका, तिथे हे झाड आधीच विरळ झालंय.